पैसा पाच देशांचा, चित्रपट कोणाचा?

मुंबईच्या एका रुग्णालयात नोकरी करणाऱ्या दोन मल्याळी परिचारिका आणि त्याच रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात राबणारी रत्नागिरीकडची एक विधवा, अशा तिघींची कथा सांगणारा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' हा चित्रपट २३ मे २०२४ रोजी फ्रान्समधील कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत दाखविला गेला. दोनच दिवसांनी त्याला 'ग्राँ प्री' पुरस्कार जाहीर झाला. शाजी एन. करुण यांच्या 'स्वहम्'नंतर, म्हणजे १९९४ नंतर, प्रथमच एखादा भारतीय चित्रपट या स्पर्धेपर्यंत पोहोचला होता. देशभर आनंद व्यक्त झाला. पंतप्रधानांनीही दिग्दर्शिका पायल कपाडिया यांचे अभिनंदन केले.

त्यानंतर चारच महिन्यांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरविण्याची वेळ आली. फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या निवड समितीने किरण राव यांच्या 'लापता लेडीज'ला पसंती दिली. पसंती ही पसंती असते, तिच्याविषयी तक्रार करण्यात फारसा अर्थ नाही. वाद उठला तो फेडरेशनच्या अध्यक्षांनी नंतर एका मुलाखतीत सांगितलेल्या कारणामुळे. आपण भारतात घडणारा भारतीय चित्रपट नव्हे, तर भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहत आहोत, असे समितीच्या सदस्यांना वाटले, असा त्या कारणाचा आशय होता.

दिग्दर्शिका मुंबईत जन्मलेली आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली. प्रमुख भूमिकांतील कनी कुसृती, दिव्य प्रभा, छाया कदम, हृधू हारून हे सारे कलावंत भारतीय. संवाद मल्याळम, हिंदी आणि मराठीत. चित्रीकरण मुंबईत आणि रत्नागिरी जिल्ह्यात. मग या चित्रपटात युरोपीय असे आहे तरी काय? त्याचे उत्तर श्रेयनामावलीत सापडते. फ्रान्स, भारत, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटली या पाच देशांतील निर्मितिसंस्थांची नावे तेथे ओळीने येतात. कमी खर्चाच्या कलात्मक चित्रपटांचे हे अर्थकारण सर्वसामान्य प्रेक्षकाला फारसे ठाऊक नसते. ते समजून घेतल्याशिवाय वरील आक्षेपाचा निवाडा करता येत नाही.

दारे बंद का असतात?

व्यावसायिक हिंदी वा मराठी चित्रपटाच्या पैशाचे गणित तुलनेने सोपे आहे. निर्माता स्वतःचे किंवा उसने भांडवल घालतो आणि वितरकांना, दूरचित्रवाणी वाहिन्यांना, अलीकडे ओटीटी कंपन्यांना हक्क विकून ते वसूल करतो. नामवंत नट असला की हे हक्क चित्रीकरणापूर्वीच विकले जातात. ज्या चित्रपटात तसा नट नाही, नायक-नायिकेची गाणी नाहीत आणि ज्याची कथा तीन भाषांत वाटली गेली आहे, त्याच्यासाठी यातले एकही दार सहजी उघडत नाही. राज्यांच्या अनुदान योजना बहुधा त्या त्या राज्याच्या भाषेशी बांधलेल्या असतात. मुंबईत राहणाऱ्या मल्याळी परिचारिकांची आणि कोकणातल्या बाईची गोष्ट मग कोणत्या राज्याच्या खात्यात घालायची, हा प्रश्न पडतो.

एके काळी अशा चित्रपटांसाठी सरकारी वाट होती. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' उभा राहिला आणि समांतर सिनेमाची वाट रुळली. पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, म्हणजे एनएफडीसीने, तो वारसा चालविला. परदेशी पैशाशी हातमिळवणीही याच काळात सुरू झाली. मीरा नायर यांचा १९८८ चा 'सलाम बॉम्बे' एनएफडीसी, ब्रिटनची चॅनल फोर वाहिनी आणि एक फ्रेंच संस्था यांच्या भागीदारीतून तयार झाला. सत्यजित राय यांच्या १९९० च्या 'शाखा प्रशाखा'च्या निर्मितीत तर फ्रेंच अभिनेता जेरार देपार्द्यू सहभागी होता. त्या वेळी राय यांना कोणी युरोपीय म्हटल्याचे ऐकिवात नाही.

पैशाचा प्रवास

पायल कपाडिया यांच्या चित्रपटाचा प्रवास २०१८ पासून मोजता येतो. त्या वर्षी त्यांचा एक लघुपट बर्लिन महोत्सवात होता. तेथे तोमा हाकिम आणि जुलियाँ ग्राफ या तरुण फ्रेंच निर्मात्यांशी त्यांची गाठ पडली. त्या दोघांची 'पती काओ' ही संस्था पुढे या चित्रपटाची मुख्य निर्माती झाली. पुढल्या वर्षी कान महोत्सवाच्या पॅरिसमधील लेखक-दिग्दर्शक निवासात कपाडिया यांना जागा मिळाली. नवोदित दिग्दर्शकांनी काही महिने तेथे राहून पटकथा लिहावी, अशी ही योजना आहे. पटकथेच्या टप्प्यावर नेदरलँड्समधील रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीचीही मदत मिळाली. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील चित्रपटांना हात देण्यासाठी १९८८ च्या सुमारास सुरू झालेल्या या निधीचे नाव मराठी प्रेक्षकांना अगदीच परके नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'लाही पटकथेसाठी याच निधीने साहाय्य केले होते.

खरी गंमत यापुढे आहे. पटकथेला मिळालेली मदत रकमेने लहान असते, पण पुढच्या दारांची किल्ली ठरते. रॉटरडॅमच्या निधीने एकदा निवडलेल्या प्रकल्पात एखादा डच निर्माता भागीदार झाला, तर त्याला नेदरलँड्सच्या राष्ट्रीय चित्रपट निधीतून पैसा मागता येतो. 'बाल्डर फिल्म' ही डच संस्था अशा वाटेने आली. लक्झेंबर्ग हा मुंबईच्या एखाद्या उपनगराइतक्या वस्तीचा देश, पण तेथेही राष्ट्रीय चित्रपट निधी आहे आणि तेथील निर्माता सोबत असला की तो खुला होतो. फ्रान्समध्ये 'जगातील चित्रपटांना साहाय्य' अशा अर्थाच्या नावाची योजना २०१२ पासून चालते. परदेशी दिग्दर्शकाच्या चित्रपटात फ्रेंच निर्माता भागीदार असणे ही तिची मुख्य अट होय.

या फ्रेंच पैशाचा उगमही पाहण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या चित्रपटाच्या प्रत्येक तिकिटावर पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास कर असतो. तो सर्वसाधारण तिजोरीत जात नाही, तर सीएनसी या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातो आणि तेथून चित्रपटांनाच परत मिळतो. दूरचित्रवाणी वाहिन्यांनाही आपल्या उत्पन्नातील वाटा या केंद्राला द्यावा लागतो. पॅरिसमधील एखाद्या कुटुंबाने हॉलिवूडचा सुपरहीरो पाहण्यासाठी तिकीट काढले, तर त्यातील काही सेंट फिरत फिरत दादरच्या पावसात उभ्या असलेल्या परिचारिकेपर्यंत पोहोचू शकतात, असा हा मामला आहे. आपल्याकडेही वर्षानुवर्षे करमणूक कर होता आणि आता वस्तू व सेवा कर आहे, पण त्या पैशाला चित्रपटाकडे परतण्याची अशी बांधलेली वाट नाही.

याखेरीज 'आर्ते' या फ्रँको-जर्मन सांस्कृतिक वाहिनीची चित्रपट शाखा निर्मितीत उतरली आणि जगभरातील विक्रीची जबाबदारी पॅरिसच्या 'लक्सबॉक्स'ने घेतली. भारतातून 'चॉक अँड चीज' आणि कपाडिया व छायालेखक रणबीर दास यांची 'अनदर बर्थ' या संस्था होत्या. प्रत्येक भागीदाराचा वाटा वेगळा, प्रत्येक निधीची मुदत वेगळी, प्रत्येकाच्या अर्जाचा नमुना वेगळा. एका निधीने नकार दिला की सारी जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून. अर्ज करायचे, पटकथेची भाषांतरे करायची, परीक्षकांपुढे बाजू मांडायची, यात वर्षे जातात. बर्लिनमधील त्या भेटीपासून कानमधील पुरस्कारापर्यंत सहा वर्षे गेली. त्या मानाने प्रत्यक्ष चित्रीकरण झटपट आटोपले. मुंबईत सुमारे २५ दिवस आणि रत्नागिरीकडे सुमारे १५ दिवस, एवढाच तो खटाटोप होता.

मधल्या काळात कपाडिया रिकाम्या बसल्या नव्हत्या. त्याच फ्रेंच निर्मात्यांबरोबर त्यांनी 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' हा माहितीपट पूर्ण केला. २०२१ मध्ये त्याला कान महोत्सवातील सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. २०१५ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अध्यक्षांच्या नियुक्तीविरोधात १३९ दिवस चाललेल्या संपाचे पडसाद त्यात उमटले आहेत. त्या संपात कपाडिया सहभागी होत्या. ३५ विद्यार्थ्यांवर गुन्हा दाखल झाला, त्यात त्यांचेही नाव होते. कानच्या यशानंतर संस्थेने माजी विद्यार्थिनीबद्दल अभिमान व्यक्त केला तेव्हा तो खटला निकाली निघालेला नव्हता, ही बाबही तेव्हा चर्चेत आली होती.

गिरणीच्या सावलीतली पार्वती

पैशाचा हिशेब येथपर्यंत झाला. पडद्यावर काय आहे, हेही पाहायला हवे.

प्रभा ही वयाने थोरली परिचारिका. घरच्यांनी लग्न लावून दिले आणि नवरा जर्मनीला निघून गेला. त्याचे फोन येईनासे झाले. एके दिवशी टपालाने एक लालभडक विजेचा भात शिजविण्याचा कुकर येतो. चिठ्ठी नाही, पत्ता नाही, फक्त यंत्रावर जर्मन बनावटीची खूण. रात्री प्रभा त्या कुकरला कवटाळून बसते, हे दृश्य चित्रपट पाहिलेल्या कोणालाही विसरता येणार नाही. तिच्याबरोबर खोलीत राहणारी धाकटी अनू शियाझ नावाच्या मुस्लिम तरुणाच्या प्रेमात आहे. या दोघांना भेटण्यासाठी अवघ्या मुंबईत चार भिंती सापडत नाहीत. मुंबईत प्रेमात पडलेल्या कोणालाही ही अडचण युरोपातून आलेली वाटणार नाही.

तिसरी पार्वती. छाया कदम यांनी ती अशी उभी केली आहे की हिला आपण परळच्या बाजारात काल पाहिले होते, असे वाटावे. तिचा नवरा गिरणी कामगार. तो गेला आणि घराचा कागद कोठे आहे, हे कोणाला माहीत नाही. तेथे मनोरा बांधायला निघालेल्या बिल्डरची माणसे दारात येऊन धमकावतात. वकिलाकडे गेल्यावर प्रश्न एकच, तुम्ही येथे राहत होता याचा पुरावा काय? आयुष्य तेथे गेले, हा पुरावा होऊ शकत नाही.

या एका धाग्यामागे मुंबईचा चाळीस वर्षांचा इतिहास आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतला गेला नाही आणि गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची तिहेरी वाटणी सांगितली. एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी पूर्ण जमिनीऐवजी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते तरी किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. परळ-लोअर परळचे आजचे काचेचे मनोरे त्यानंतर झपाट्याने वाढले. पार्वती आणि प्रभा एका रात्री बिल्डरच्या जाहिरात फलकावर दगड मारतात, त्या दगडामागे हे सारे आहे. चित्रपट ते भाषणातून सांगत नाही. त्याने ते सांगितले नाही म्हणून कोणाला दिसले नसेल, तर तो दोष चित्रपटाचा नव्हे.

अखेर पार्वती गावी परतते आणि सामान पोहोचवायला प्रभा व अनू तिच्याबरोबर कोकणात येतात. मुंबईचा निळसर पाऊस मागे पडतो, समुद्र येतो आणि चित्रपटाची चालच बदलते. पुढचे सांगून न पाहिलेल्यांचा रस घालवणे योग्य नव्हे. एवढेच की केरळमध्ये हा चित्रपट 'प्रभयाय निनच्चतेल्लाम' या नावाने प्रदर्शित झाला. 'प्रभा' म्हणजे प्रकाश, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. इंग्रजी नावात हरवलेला हा श्लेष मल्याळी नावात आहे.

अटींची किंमत

परदेशी निधी म्हणजे बिनशर्त देणगी, असा समज मात्र करून घेऊ नये. बहुतेक राष्ट्रीय निधींची अट असते की मदतीचा ठरावीक भाग त्यांच्याच देशात खर्च व्हावा. त्यामुळे संकलन, ध्वनिमिश्रण, रंगसंस्कार अशी चित्रीकरणानंतरची कामे युरोपात जातात आणि तेथील तंत्रज्ञ घ्यावे लागतात. या चित्रपटाचे संकलन क्लेमाँ पँतो या फ्रेंच संकलकाने केले आहे. मल्याळम न जाणणाऱ्या संकलकाने मल्याळी संवादांची लय पकडायची, हे सोपे काम नव्हे. त्याचा परिणाम चांगलाच झाला आहे, पण प्रत्येक वेळी तसा होईलच असे नाही.

दुसरी किंमत अधिक सूक्ष्म आहे. निधीचे परीक्षक जे वाचतात ते भाषांतर असते. त्यांना काय भावेल याचा अंदाज बांधून लिहिण्याचा मोह लेखकाला होऊ शकतो. संथ गती, अल्प संवाद, गरिबीचे निगुतीने टिपलेले चित्रण अशी 'महोत्सवी' चित्रपटांची एक ठरीव तऱ्हा होऊन बसली आहे आणि तिच्यावरील टीका अनाठायी नाही. फेडरेशनच्या समितीला हीच तऱ्हा येथे दिसली असावी. 'ऑल वी इमॅजिन'ची गती संथ आहे, यात शंका नाही. त्यातील पियानोचे सूर इथिओपियातील जोगीण असलेल्या एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू यांचे आहेत, तबला-पेटीचे नव्हेत. पण सुरुवातीलाच निरनिराळ्या भाषांत बोलणारे स्थलांतरितांचे आवाज, लोकलच्या डब्यातील पेंगणाऱ्या बायका, भाजीबाजार आणि ताडपत्र्या, या गोष्टी परीक्षकांना खूश करण्यासाठी बाहेरून आणून ठेवलेल्या वाटत नाहीत. उलट, युरोप या चित्रपटात जेथे येतो तेथे तो फक्त न येणारा फोन आणि बिनचिठ्ठीचा कुकर म्हणून येतो.

कागद काय सांगतो?

भावनेचा प्रश्न बाजूला ठेवून केवळ कागद पाहिला, तरी आक्षेप टिकत नाही. भारत आणि फ्रान्स यांच्यात दृकश्राव्य सहनिर्मितीचा करार आहे. अशा करारांचा गाभाच हा असतो की त्याखाली मान्यता मिळालेला चित्रपट दोन्ही देशांत स्वदेशी मानला जावा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मे २०२४ मधील आपल्या निवेदनात या चित्रपटाला अधिकृत भारत-फ्रान्स सहनिर्मितीचा दर्जा दिल्याचे, मुंबई व रत्नागिरीतील चित्रीकरणास परवानगी दिल्याचे आणि पात्र खर्चाच्या ३० टक्के प्रोत्साहन रकमेस अंतरिम मंजुरी दिल्याचे स्वतःच नमूद केले होते. ही प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये कान महोत्सवातच जाहीर झाली होती. ती परताव्याची योजना आहे, म्हणजे आधी खर्च करायचा, हिशेब तपासून घ्यायचे आणि मग रक्कम मागायची. चित्रीकरण सुरू करायला लागणारा पैसा तीतून उभा राहत नाही. तो आणायला पुन्हा बाहेरच जावे लागते.

फिल्म फेडरेशन ही सरकारी संस्था नाही. ती चित्रपट व्यवसायातील संघटनांची शिखर संस्था आहे. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात प्रत्येक देशाने एकच चित्रपट पाठवायचा असतो आणि भारतातर्फे तो फेडरेशन पाठविते. त्या विभागाच्या नियमात पैसा कोठून आला यापेक्षा चित्रपटाची सर्जनशील सूत्रे मुख्यत्वे कोणत्या देशातील व्यक्तींच्या हाती होती, हे पाहिले जाते. त्या कसोटीवर या चित्रपटाला अडचण येण्याचे कारण दिसत नाही.

त्याच वर्षीची इतर देशांची उदाहरणे पाहिली की चित्र आणखी स्पष्ट होते. फ्रान्सच्या समितीने अंतिम विचारासाठी काढलेल्या चार चित्रपटांत 'ऑल वी इमॅजिन'चाही समावेश होता. म्हणजे जो चित्रपट भारताला युरोपीय वाटला, तो फ्रान्सला आपला म्हणून पाठविता आला असता. शेवटी फ्रान्सने 'एमिलिया पेरेझ' पाठविला. त्याची भाषा प्रामुख्याने स्पॅनिश, कथा मेक्सिकोतील आणि दिग्दर्शक फ्रेंच. ब्रिटनने संध्या सुरी यांचा 'संतोष' पाठविला. तो हिंदीत आहे आणि उत्तर भारतातील एका महिला पोलिसाची गोष्ट सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये पंधरा चित्रपटांची यादी जाहीर झाली तेव्हा तीत 'संतोष' होता, 'लापता लेडीज' नव्हता. पुढे मार्च २०२५ मध्ये सेन्सॉर मंडळाने सुचविलेल्या काटछाटीवरून 'संतोष'चे भारतातील प्रदर्शन अडले, हा आणखी एक वेगळाच अध्याय. त्या विभागाचा पुरस्कार अखेर ब्राझीलच्या 'आय ॲम स्टिल हिअर'ला मिळाला. तोही ब्राझील आणि फ्रान्स यांची सहनिर्मिती होती. ब्राझीलमध्ये तो आपला मानायला कोणाला अडचण आली नाही.

या साऱ्यात छाया कदम यांची स्थिती मोठी मजेशीर होती. 'लापता लेडीज'मधील रेल्वे फलाटावर चहाचा ठेला चालविणारी मंजू माई त्याच आणि 'ऑल वी इमॅजिन'मधील पार्वतीही त्याच. 'फँड्री' आणि 'सैराट'मधून मराठी प्रेक्षकांना परिचित असलेली ही अभिनेत्री एकाच वर्षी भारतीय आणि 'युरोपीय' अशा दोन्ही बाजूंना उभी होती.

असा प्रसंग पहिलाच नव्हता. २०१३ मध्ये रितेश बत्रा यांच्या 'द लंचबॉक्स'च्या वेळी असेच घडले होते. मुंबईच्या डबेवाल्यांकडून चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्याची ही गोष्ट भारत, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या भागीदारीतून साकारली होती आणि एनएफडीसी तीत सहभागी होती. कानमध्ये तिचे स्वागत झाले, परदेशात ती चांगली चालली. फेडरेशनने मात्र त्या वर्षी 'द गुड रोड' हा गुजराती चित्रपट पाठविला. योगायोग असा की तोही एनएफडीसीचाच होता.

मराठीचे काय?

'ऑल वी इमॅजिन' २२ नोव्हेंबर २०२४ रोजी भारतभर प्रदर्शित झाला. वितरणाची जबाबदारी तेलुगू अभिनेता राणा दग्गुबाती यांच्या 'स्पिरिट मीडिया'ने उचलली होती. जानेवारी २०२५ मध्ये तो ओटीटीवर आला. गोल्डन ग्लोबसाठी त्याला सर्वोत्तम दिग्दर्शन आणि इंग्रजीव्यतिरिक्त भाषेतील सर्वोत्तम चित्रपट अशी दोन नामांकने होती. पुरस्कार हुकले. ऑस्करमध्ये तर त्याला कोणत्याच विभागात नामांकन मिळाले नाही. मे २०२५ मध्ये कपाडिया पुन्हा कानला गेल्या, त्या मुख्य स्पर्धेच्या परीक्षक म्हणून.

त्याआधी, जानेवारी २०२५ मध्ये, अमेरिकेतील सन्डान्स महोत्सवात रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाने जागतिक कथापट विभागाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक पटकावले. सन्डान्समध्ये दाखविला गेलेला हा पहिला मराठी कथापट. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला आनंद आणि तेथे शेती करणारा त्याचा बालमित्र बाळ्या यांच्यातील हळुवार नात्याची ही गोष्ट आहे. भाषा मराठी, गाव महाराष्ट्रातले, सुतकाचे नियम आपल्याच घरातले आणि निर्मिती भारत, ब्रिटन व कॅनडा या तीन देशांची. 'स्पिरिट मीडिया'नेच १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो भारतातील चित्रपटगृहांत आणला.